दीपगृह कुठल्या बाजूनं फिरतं

भाची: या जुन्या फिल्ममध्ये नाचणाऱ्यांकडे बघूच नकोस, आत्या. फक्त मास्तरांच्या हातांकडे बघ.

आत्या: पाच वाजता छापखान्याचा माणूस कंपनीच्या पन्नास वर्षांच्या पुस्तकाची पानं न्यायला येणार, आणि तू मला मास्तरांचे हात दाखवतेस?

मास्तर: दाखव गं, दाखव. चाळीस वर्षांपूर्वी बघण्यासारखे होते. आता आल्याची मुळं झालीत.

भाची: मास्तर, आत्ता काय ऐकू येतंय?

मास्तर: आपल्या दीपगृह नाचाची सुरुवात. खर्जातले सूर. लाटा खडकावर आपटतात ना, ते.

भाची: ते सूर पियानोच्या कुठल्या टोकाला असतात?

मास्तर: डाव्या. हे विचारायला पदार्थविज्ञान शिकलीस होय?

भाची: मग फिल्ममध्ये तुम्ही उजव्या टोकाला काय वाजवताय?

मास्तर: कुठे? ...अरेच्चा.

आत्या: बंद कर ते.

भाची: आणि ही मधली उभी रेघ. आपण सगळे तिला फिल्मवरचा ओरखडा समजत होतो. पण कॅमेरा हलला की ती भिंतीबरोबर सरकते. ओरखडा असता तर जागेवर राहिला असता. हा आरशाचा सांधा आहे, आत्या.

मास्तर: साबणाच्या कारखान्यातली ती तालमीची खोली! बोळासारखी अरुंद. सोळा जणांचं रिंगण मावायचं नाही कॅमेऱ्यात. फिल्मवाला वैतागून म्हणाला होता, मी आरशातच घेतो. मी विसरूनच गेलो बघ.

भाची: म्हणजे मोठ्या बाईंनी दीपगृह बसवलं ते घड्याळाच्या दिशेनं फिरणारं. आणि त्यांनी काढलेली आपली कंपनी पस्तीस वर्षं ते उलटं नाचतेय.

आत्या: एका फिल्मवरून?

भाची: पहिल्या प्रयोगाचा फोटोही आहे. सगळे उजव्या पायावर, आपण नाचतो डाव्या.

आत्या: फोटोही उलटे छापले जातात.

भाची: जातात. म्हणून मी फोटोतली मागच्या दारावरची पाटी पाहिली. अक्षरं सरळ आहेत.

मास्तर: हिला कुणी नाचात नाही घातलं ते बरं झालं. गिरकी घेण्याआधी कोन मोजत बसली असती.

आत्या: मास्तर, तुम्ही जरा गप्प बसता? ऐक बाळ. मोठ्या बाई हे सोळा प्रवेशांचं काम मागे ठेवून गेल्या. तेव्हा कंपनीत उरलो होतो जेमतेम वीस जण. मी तर त्या गेल्यावर आलेली. दीपगृह कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या एका फिल्मवरून सहा वर्षांनी ते पुन्हा उभं केलं. तेव्हा कुठे नगर नाट्यगृहानं दार उघडलं. आज चौसष्ट नाचणारे आहेत, दोन तालीमघरं आहेत, मुलांची शाळा आहे. डावं काय नि उजवं काय, नाच सुंदर आहे ना?

भाची: आहेच. त्याबद्दल माझी तक्रारच नाही.

आत्या: मग कशाबद्दल आहे?

भाची: पान बेचाळीस. “पंधराव्या वर्षीच्या पुनःप्रयोगात एका नर्तिकेच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.” हे वाक्य मी जुन्या अहवालातून जसंच्या तसं उचललं. ती नर्तिका टाचणी.

मास्तर: टाचणी. काटकुळी, सरळ. कुठेही खोचा, उभी राहणार.

भाची: मोठ्या बाईंच्या पहिल्या सोळांपैकी पुनःप्रयोगात ती एकटीच होती. बरोबर?

मास्तर: एकटीच. बाकीच्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता.

भाची: म्हणजे खरं दीपगृह अंगात असलेली ती एकटी. दुसऱ्या रिंगणात सगळे डावीकडे वळले, ती उजवीकडे. शेजारी नाचणाऱ्या उंच्यावर आदळली. त्याचा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी तिला काढलं.

आत्या: महिनाभर डावीकडे बसवून घेतलं होतं मी. तालमीत एकदाही चुकली नव्हती.

भाची: तालमीत काही बोलली होती का?

मास्तर: बोलली होती. मी पियानोवरच होतो. म्हणाली, “बाई, हे उलटं वाटतंय.” ह्या आपल्या बाई म्हणाल्या, “फिल्म काय खोटं बोलते?” नंतर जिन्यात मला गाठून विचारलं तिनं, मास्तर, तुम्हाला आठवतं का? मी म्हटलं, “बाईंनाच विचार. मला सूर कळतात, पाय नाही.” हात झटकून मोकळा झालो.

आत्या: तुम्ही आज हे सांगताय?

मास्तर: आज कुणीतरी विचारलं, बाई.

भाची: मला पान बेचाळीस बदलायचंय.

आत्या: काढून टाक ते वाक्य. अपघाताचा उल्लेखच नको.

भाची: मग ती कंपनीच्या इतिहासातच राहत नाही. एकदा कंपनीतून काढली, आता पुस्तकातून काढायची?

आत्या: शब्द जपून वापर.

भाची: तीन महिने तेच करतेय. तू प्रत्येक पान दोनदा वाचलंस. स्वल्पविरामसुद्धा बदललेस. पान बेचाळीसला मात्र कधी पेन लावलं नाहीस. का?

आत्या: ते पान इकडे दे.

भाची: तुला माहीत होतं.

मास्तर: पोरी, जरा दमानं.

भाची: कधी कळलं, आत्या?

आत्या: नवव्या दिवशी.

भाची: कशाच्या?

आत्या: तिला काढल्याच्या. तिची चूक नेमकी कुठे झाली ते लिहून ठेवायचं होतं, म्हणून फिल्म पुन्हा लावली. तुझ्यासारखं पियानोकडे नाही गेलं लक्ष. मोठ्या बाई कोपऱ्यात उभ्या आहेत ना, त्यांच्या ब्लाउजवर कंपनीचा बिल्ला आहे. अक्षरं उलटी दिसली.

मास्तर: पस्तीस वर्षं! आणि मला वाटत होतं, मीच एकटा चोर.

आत्या: त्याच आठवड्यात नाट्यगृहानं वर्षभराच्या तारखा दिल्या होत्या, मास्तर. आयुष्यात पहिल्यांदा. वर्तमानपत्रात आलं होतं, दीपगृह जसंच्या तसं परत आलं. मी काय सांगणार होते? की आम्ही आरसा नाचतोय? म्हटलं, हंगाम संपू दे. मग म्हटलं, दौरा होऊ दे. नंतर उंच्यानं नोकरी धरली, तिचंही बरं चाललंय असं कुणीतरी म्हणालं. मग सांगायला तोंडच उरलं नाही.

भाची: मी खरं तेच लिहिणार. नाहीतर पुस्तकावर माझं नाव घालू नकोस.

आत्या: धमकी देतेस?

भाची: नाही गं. फक्त ते वाक्य मला पुन्हा टाइप करता येणार नाही. काल प्रयत्न केला.

आत्या: चार वाजून दहा झाले. किती वेळ लागेल पान बदलायला?

भाची: अर्धा तास.

आत्या: लिही. चूक माझी. बिल्ला दिसला ते लिही, नववा दिवसही लिही. मऊ करू नकोस.

मास्तर: आणि जिन्यातलंही लिही. मला एकट्याला का वगळतेस?

आत्या: पण तिला ते छापलेलं वाचून कळता कामा नये. नंबर आहे तुझ्याकडे?

भाची: हा घे. एका शाळेच्या व्यायामशाळेत नाच शिकवते. स्पीकरवर ठेवू?

आत्या: ठेव.

(फोन वाजत राहतो. सहाव्या वेळी उचलला जातो.)

टाचणी: हॅलो? पटकन बोला, वर्ग चालू आहे माझा.

आत्या: मी बोलतेय.

टाचणी: ...बाई?

आत्या: हो.

टाचणी: पन्नाशीच्या सोहळ्याचं आमंत्रण मिळालं, बाई. कळवायचं राहून गेलं. मला नाही जमणार यायला.

आत्या: आमंत्रणासाठी नाही केला फोन. टाचणी, त्या प्रयोगात तू बरोबर वळलीस. ती फिल्म आरशातली होती. मी सगळ्यांना उलटं शिकवलं. तू एकटी मोठ्या बाईंचं नाचलीस.

टाचणी: काय म्हणताय?

आत्या: आणि मला हे तुला काढल्यावर नवव्या दिवशी कळलं. कळूनही गप्प बसले. आज ते छापतोय, तुझ्या नावासकट. त्याआधी माझ्या तोंडून सांगायचं होतं. माफ कर म्हणायचा मला हक्क नाही.

टाचणी: उंच्याला सांगितलंत?

आत्या: नाही. त्याला पण सांगणार. आजच.

टाचणी: त्याला आधी सांगायला हवं होतं.

आत्या: हो.

टाचणी: बाई, मी मुलींना दीपगृहच शिकवतेय आत्ता. तुमच्या बाजूनं. माझं अंग अजून उजवीकडेच जातं. म्हणून वर्गाआधी एकटी येते, आणि सगळं डावीकडे करून घेते. रोज. म्हटलं, आपली चूक पोरींच्या अंगात नको जायला.

आत्या: टाचणी...

टाचणी: एक मिनिट थांबा. ...मुलींनो, बसा जरा खाली. नाही गं, तुमचं काही चुकलं नाही. बसा.