नळावरच्या दिव्याची बॅटरी

हॅलो? हॅलो, सोलर ऑफिस ना? … श्यामकांत साहेबांना द्या. लवकर द्या ओ… आरे कॉलनीतून, तबेल्याच्या ऑफिसातून बोलतेय. नंदा. खंडूची बहीण.

… साहेब? साहेब, खंडूला मारतायत. … आमचा खंडू ओ, तुमची सोलरची प्लेट पुसतो तो. … चाळीतलेच सगळे. खांबाला बांधलाय, गुणाजीकाकांच्या हातात पहार आहे. मी आतून कडी लावून बसलेय. … पोलिसांना केला फोन, येतो म्हणाले. तोपर्यंत उरेल का तो? तुम्ही या, तुमचं ऐकतील.

… बॅटरी चोरली म्हणून. … कुठली म्हणजे? सोलरची. … नाही, नाही… पाणी तापवायचं ते नाही. ते डेअरीच्या छपरावर, दुधाचे कॅन धुवायला. त्याला कुठे बॅटरी असते? … शिजवायची पेटी पण नाही. तिच्यात बायका डाळ-भात ठेवतात उन्हात, ती आहे जागेवर. … अहो ऐका ना. दिवा. नळावरचा, खांबावरचा दिवा. दिवसा वरची प्लेट ऊन घेते, खाली डब्यातली बॅटरी भरते, काळोख पडला की दिवा लागतो. तुम्हीच नाही का समजावलंत, सगळ्यांना उभं करून?

… हो, तोच. सोमवारपासून बंद आहे. डब्यात काहीच नाही. … काल काळोखात गुणाजीकाकांची शेवंती नळावर गेली. बिबट्याने धरली. … आहे, जिवंत आहे. हात गेला पोरीचा, साहेब.

… खंडूच का म्हणजे? तोच चढतो ना खांबावर. धूळ बसली की प्लेट काम करत नाही, पुसत जा, असं कोण म्हणालं होतं?

… थांबा… खिडकीतून दिसतंय… दात पाडले ओ त्याचे. … नाही, आता ओरडत नाहीये. म्हणून तर म्हणतेय, लवकर या.

… काय? … परत बोला. … तुमच्याकडे आहे?

… प्रदर्शनात? घाटकोपरला? … मंत्री येणार म्हणून. … नवीन वेळेत आली नाही, म्हणून आमची काढून नेलीत. भर दुपारी, सगळे कामावर असताना, जीप घालून. आणि कुणालाच सांगितलं नाहीत. … लागतोय का तिथे दिवा? … झकास लागतोय. वा.

… नाही, मी नाही सांगणार असं. चोरीला गेली असं कसं सांगू? … तुमची नोकरी जाईल, आणि माझा भाऊ? … हळू बोलू? तू आमचा दिवा नेलास, पोरीचा हात गेला, माझा भाऊ तिकडे रक्त ओकतोय, आणि मी हळू बोलू?

… ठेवू नको. फोन ठेवलास तर बघ. मी कडी काढतेय.

गुणाजीकाका, इकडे या. पहार घेऊनच या, पण या. बॅटरी ज्याने नेली तो माणूस फोनवर आहे. घ्या, कानाला लावा. तुम्हीच बोला.

… हॅलो. मी गुणाजी. शेवंतीचो बापूस. … हां. … हां. … परत सांगा, माका नीट ऐकाक येऊक नाय. … म्हणजे खंडून घेतली नाय.

… अरे सोडा रे त्याका. सोडा म्हणतंय ना. पाणी घाला तोंडात.

… हां साहेब, आसंय मी. … नाय, गाळी घालूक नाय. पहार मात्र हातात आसा. … मंत्री कधी येतले? … आजच? … बरा. ता प्रदर्शन घाटकोपराक नेमका खंय, ताच सांगा. मी निघतंय. … हॅलो? … हॅलो?