नाला उघडा राहिला

(शनवारा मोहल्ल्यातलं घर. पार्षद, म्हणजे नगरसेविका, प्रतिभा नगरपालिकेच्या सभेहून आत्ताच परतली आहे. सासू गोदाबाई आणि दीर नीलेश तिची वाट पाहत बसलेत.)

गोदाबाई: आणि तू हात वर केलास? आपल्याच पार्टीच्या विरोधात?

प्रतिभा: केला, आई. आधी पाणी द्या.

नीलेश: एका मतानं प्रस्ताव पडला, वहिनी. तुमच्या.

प्रतिभा: बाकीच्यांनीही हात वर केले होते रे.

नीलेश: ते विरोधी पार्टीचे. उनका तो काम ही वही है.

गोदाबाई: मला नीट सांगा कोणीतरी. नाल्यावर स्लॅब पडणार होता ना?

नीलेश: स्लॅब, आणि त्यावर दुकानं. कोपऱ्यावरचं मला मिळणार होतं. पार्टीच्या अध्यक्षांनी जबान दिली होती. कब तक ठेल्यावर मोबाइलचे कव्हर विकू?

प्रतिभा: नाला झाकला तर साफ कुठून करायचा? प्लास्टिकच्या पन्न्या, केळीची पानं, सगळं आत अडकणार. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुझ्याच दुकानात.

नीलेश: पाणी शिरायला दुकान तरी असतं ना.

गोदाबाई: हिचं हे लग्नाआधीपासूनचं आहे. तापीच्या घाटावर बाटल्यांत पाणी भरायची, तपासायला. लोक बाटलीवाली म्हणायचे. तुझा बाप स्थळ परत करायला निघाला होता. मी म्हटलं, बाटलीत काय असतं ते तरी विचारा.

प्रतिभा: आणि निवडणुकीत तुम्हीच दारोदार ते नाव सांगत फिरलात.

गोदाबाई: पहिल्या दिवशी फिरले. 'बाटलीवालीला मत द्या' म्हटलं की माणसं दार उघडायची आणि बायका लावून घ्यायच्या. मग नाव बदललं.

नीलेश: आता फिरायची गरजच नाही. टिकट गेलं. अध्यक्षांचा फोन आला होता.

प्रतिभा: काय म्हणाले?

नीलेश: म्हणाले, भाभीजींना आराम करू द्या.

प्रतिभा: इतक्या प्रेमानं?

नीलेश: बाद में गाली भी दी.

गोदाबाई: कोणाला?

नीलेश: मला. भाभीला आवरता येत नाही म्हणून.

गोदाबाई: मग तू?

नीलेश: मी पण दोन दिल्या.

प्रतिभा: तू? अध्यक्षांना?

नीलेश: दुकान तर गेलंच होतं. फुकट कशाला ऐकून घेऊ? तुमच्यावर राग आहे, वहिनी. तो वेगळा.

प्रतिभा: असू दे. सभेत तुझाच चेहरा समोर येत होता. हात जरा उशिरा वर गेला.

नीलेश: पण गेला.

प्रतिभा: गेला.

गोदाबाई: झालं ते झालं. आता अपक्ष उभी राहा.

प्रतिभा: आणि लोकांना दाखवू काय, आई? ना कमान बांधली, ना दुकानं, ना कुठं नावाची पाटी. निवडून आल्यापासून नाल्यातला गाळच तर उपसत आले.

नीलेश: पोस्टरवर गाळ कसा छापणार? फोटो तरी पाहिजे काही.

गोदाबाई: पोस्टर राहू दे. नाल्याकाठच्या रंभाबाईच्या घरी नेऊ सगळ्यांना.

नीलेश: तिथं काय आहे बघण्यासारखं?

गोदाबाई: तिची खाट. आधी दर पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं. गेल्या पावसाळ्यात तिनं ती विटांवर चढवली नाही.