ताटावरची प्रार्थना लहानानं करायची

आमी मूळचे नगरकडचे, पण माझा जन्म लालबागचाच, ह्याच खोलीतला. वडील परळला एका इस्पितळात वॉर्डबॉय होते, आणि देवाच्या बाबतीत एकदम कडक. सकाळी उपासना झाल्याशिवाय चहा नाही, संध्याकाळी शास्त्रपाठ झाल्याशिवाय दिवा कमी करायचा नाही, आणि ताटावरची प्रार्थना घरातल्या सगळ्यात लहानानं करायची. तो आमच्या घरचा नियम. मोठ्यांनी नुसतं आमेन म्हणायचं. का, तर वडील म्हणायचे, मोठी माणसं प्रार्थनेत हिशेब मांडत बसतात, लहान पोर सरळ बोलतं. मी शेंडेफळ, म्हणून माझ्याच गळ्यात पडलेलं ते. भूक लागली की मी असली पळवायची ना प्रार्थना, आई मांडीला चिमटा काढायची.

लग्नानंतर हेच इथं राहायला आले, गिरगावात छापखान्यात होते, शांत माणूस, भांडायला गेलं तर समोर नुसतं बसून राहायचे. मग विनय झाला, मागून कृपा झाली, आणि पाळी आपोआप कृपाकडं गेली. मी तेव्हा हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल-बीडिंग करायची, दिवसभर पायाखाली मशीन, पोरीकडं बघायला वेळ कुठला. तर ती काय करायची, सगळी प्रार्थना झाली की शेवटी जोडायची, आणि प्रभू, आईच्या साड्या लवकर संपव. आमी हसायचो. कॉलेजात गेली तरी ते शेपूट तिनं सोडलं नाही, उलट माझ्याकडं एक डोळा उघडून बघत बघत म्हणायची, आगाऊ कुठची.

काय सांगू तुम्हाला, कृपाला साधी कावीळ म्हणाले होते डॉक्टर. पाळकसाहेब येऊन गेले, मंडळी उपास धरून बसली, शेजारच्या मालवणी काकींनी त्यांच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, विनय तर इस्पितळाच्या जिन्यात गुडघे टेकून बसायचा. तरी गेली.

शिवडीला माती देऊन आलो. घरात चूल पेटली नव्हती, काकींनी पेज आणि भाजी आणून ठेवली, म्हणाल्या दोन घास तरी खावा. ताटं वाढली, आणि बघा, सवय काय असते, आमी तिघं हात जोडून, डोळे मिटून बसलो. बसलो ते बसलोच. कोणाच्या लक्षातच नाही आलं की आपण तिची वाट बघतोय. मग यांनी हळूच म्हटलं, विनू, आता तू लहान. तसा तो ताटावरून उठला. म्हणाला, कोणाला बोलू पप्पा, जिन्यात बोललो तेव्हा कोण होतं ऐकायला? नंतर पुण्याला नोकरी धरली. फोन करतो, खर्चाला पाठवतो, वाईट नाही पोरगा. पण हात जोडले नाहीत त्यानं पुन्हा.

मग राहिले कोण, हे आणि मी. त्यात लहान मी.

मी नाही बोलले. तोंड उघडलं की तिचं ते शेपूट जिभेवर यायचं. हे हात जोडून बसायचे, आमटी गार व्हायची, मी भिंतीकडं बघत बसायची. बऱ्याच वेळानं आपले आपणच आमेन म्हणायचे आणि जेवायला लागायचे. मी चिडायची, म्हणायची, आमेन कशाला, कोण बोललंय इथं? तर म्हणायचे, तू बोललीस असशील मनात, मला कुठं हल्ली नीट ऐकू येतं. कान एकदम ठणठणीत होते हो त्यांचे. वर्षानुवर्षं असंच चाललं, माझ्या मुकेपणाला त्यांचं आमेन.

गेल्या पावसाळ्यात तेही गेले, दुपारी पेपर वाचता वाचता. त्यानंतर एकटीसाठी पहिल्यांदा ताट वाढून घेतलं, बसले, आणि बोलले बाई सगळं. शेपटासकट. साड्या केव्हाच संपल्यात खरं तर, डोळ्यांनी दगा दिला, मशीनवर चादर टाकलीय. तरी बोलले. आणि आमेनसाठी थांबून राहिले. कोण म्हणणार?

पाळकसाहेब म्हणतात, रोजची प्रार्थना म्हणजे आत्म्याचं जेवण, चुकवू नका. नाही चुकवत. सकाळी शास्त्र उघडते, अक्षर लागत नाही तर पाठ आहे ते म्हणते. मनात काय उमटतं म्हणाल तर काही नाही, खोटं कशाला बोलू. पण आजारी माणसाला तोंडाला चव नसली म्हणून जेवण सोडून चालतं का, तसंच ते.

बरं, तुम्ही आता उठू नका, भात टाकलाय, बांगड्याचं कालवण आहे. हात धुवा. नियमानं बघितलं तर आज पाळी तुमची, माझ्याहून लहान तुम्हीच. येत नाही? राहू दे, मी बोलते. तुम्ही फक्त आमेन म्हणा. पण मोठ्यानं म्हणा हां, मला ऐकू आलं पाहिजे.