प्रल्हादभाऊंचा रविवारचा वर्ग

भाऊंच्या घरच्या मंडळींनो, गावातल्या थोरामोठ्यांनो, मंडळाच्या पोरापोरींनो, मी संगीता. रोहितची आई. माईक हातात घेतलाय, पण शब्द काही सापडून न्हाई राह्यले. सांभाळून घ्या.

आपल्या आष्टीत युवक मंडळ म्हणजे काय होतं? गणपती, कबड्डी अन् डीजे. तिथं प्रल्हादभाऊंनी दर रविवारी कुत्री सांभाळायचा अन् शिकवायचा वर्ग काढला. गाव हसलं. मीबी हसले. म्हणलं, "भाऊ, इथं माणसं शिकंनात, तुम्ही कुत्र्यांना काय शिकवता?" ते म्हणले, "वहिनी, कुत्रं जल्दी शिकतं. येळ मालकाला लागतो."

मंग माझ्या रोहितला कुत्रं चावलं. सासूबाईंनी आपल्या रीतीनं जखमेत तिखट भरलं. पोरगं किंचाळून राह्यलं. वर्गातल्या पोरी पळत आल्या, त्याचा पाय नळाखाली धरला, साबणानं धुवून काढला. भाऊ मोटरसायकल घेऊन आले. सासूबाईंवर ओरडले का? बिलकुल न्हाई. म्हणले, "मावशी, तिखट कालवणात घाला. याला इंजेक्शन लागतंय, चला."

तोवर चौकात काठ्या निघाल्या होत्या. भाऊंनी ते कुत्रं मारू दिलं न्हाई. स्वतःच्या दारात बांधलं, पिसाळतंय का म्हणून धा दिवस नजर ठेवली. कुत्रं बराबर राह्यलं, माझं लेकरूबी. पण रोहित अंगणात उतरंना. भाऊ रोज यायचे, उंबऱ्यावर बसायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. कुत्र्याचा विषयच काढायचे न्हाईत. एक दिवस रोहितच म्हणला, "काका, ते जेवलं का?" मी आत चुलीपाशी रडले.

परवा छातीत कळ आली अन् भाऊ गेले. दवाखान्यापर्यंतबी पोचले न्हाईत. येत्या रविवारी डॉक्टर कुत्र्यांना लस टोचायला येणार. कुत्री धरायचे ते भाऊ. काहीजण म्हणून राह्यले, लस राहू द्या, वर्ग बंद करा. का म्हणून? भाऊ गेले म्हणून कुत्री चावायची थांबणार हायेत का?

मी येणार. मला भ्या वाटतं, खरं सांगते. सकाळी सासूबाईंना तसं बोलले, तर त्या म्हणल्या, "तू धर. कुत्र्याच्या तोंडाला फडकं मी बांधते." ज्यांना यायचं त्यांनी आत्ता नुसते हात वर करू नका. रविवारी सकाळी मंडळापाशी या.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ गप राहू.

भाऊ, तुम्ही निवांत जा. कुत्री आम्ही धरतो.