देवसिंग मामांचा भागाकार

—बसा नं, उभे कायले? मोठ्यायनं 'पोरापोरीले बोलू द्या' म्हणून आतल्या खोलीत पाठवलं, तर निदान बोलल्यासारखं करू. खिडकीतून काय पाहून राह्यले? बोंडअळीनं खाल्लेली कापसाची पऱ्हाटी हाय ती, साऱ्या तांड्यात तेच हाय यंदाही.

राग? छे, मले कायचा राग! तुमच्या देवसिंग मामानं दहा लोकायसमोर पोरीची परीक्षा घेतली — 'अंजू, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचं सूत्र सांग बरं' — म्या सांगितलं, N₂O₄. तर मामा हसले! 'दोननं भाग जाते बेटा, NO₂ लिहावं.' वा रे हुशारी! अहो, मिठात चालते तसं — तिथं सोडियम इलेक्ट्रॉन देऊन मोकळा, क्लोरीन घेऊन मोकळा, आपण निस्तं प्रमाण लिहायचं. इथं एका रेणूत खरंच दोन नायट्रोजन अन् चार ऑक्सिजन हायत, इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकाले धरून बसलेले. भागलं का पदार्थच बदलला! N₂O₄ बिनरंगी, NO₂ तपकिरी. पण मामाले कोण सांगते? माह्या बाबानं तर डोळे वटारले मलेच.

अन् त्याच दमात मामा म्हणते, लग्नानंतर पोरगी शाळेतली नोकरी सोडन. झालं, मलेही भागून टाकलं! दोन वर्सं झाली, कापूस गेला तवापासून घर माह्या पगारावर चालते, पण ते सोडा — मले शिकवणं आवडते हो. नववीच्या पोट्ट्यायले बंध समजला का जे तोंड होते नं त्यायचं, त्यासाठी जीव टाकते मी.

तुमचं काय म्हणणं हाय? सहसंयुज बंधात दोघायनंही आपला इलेक्ट्रॉन आणा लागते, एकट्यानं होत नाही. मले तुमच्याकडून एकच वाक्य पाह्यजे — 'अंजू शिकवन.' खरं सांगू? दिग्रसच्या स्टँडवर पाह्यलतं तुम्हाले, पुसदच्या गाडीत एका बुढीचं गठुडं चढवून देताना. स्थळ तुमचंच हाय म्हटल्यावर माह्या याडीले म्या स्वतः सांगितलं, 'माय, बोलाव त्यायले' म्हणून — जाऊ द्या, काय बोलून राह्यली मी!

बोला नं. मान नका हालवू, तोंडानं बोला.

...मामाले विचारून सांगता?

बरं. उठा मग. बाहेर तुम्हीच सांगा, पोरगी पसंत नाही. म्या नाही म्हटलं तर माह्या बाबाची मान खाली जाईन, तुम्ही म्हटलं तर कोणी कारणही विचारत नाही. एवढं तरी मामाले न विचारता जमन नं?