चिलटाचं डोकं कोणावर गेलं?

काऊन, मी काय त्या घरात नुसती ताटं वाढाले आली होती का व? नाई, तुमीच सांगा! आकांक्षा माह्यी पोरगी, माह्या पोटची, अन् शाळेत पयली आली का सारं रोहणा गाव काय म्हणे? "बापावर गेली!" स्कॉलरशिप भेटली... "बापावर गेली!" नणंद माह्यी, देवकाबाई, थे तं नाकातून, "वयनी, डोकं आमच्या घरचं हाये बरं!" अन् आमचे हे, रूपरावजी, मिशीत हासून राह्यले! ज्या माणसाले सोताच्या खिशातली किल्ली सापडत नाई! हो, पोट्टा माहा अंकुश बारावीले लटकला, तवा मात्र मी ठणकावून सांगतलं, "हा गेला बापावर!"

मंग पोट्टी पुण्याले पीएचडी कराले गेली. कशावर? चिलटांवर! सडक्या केळावर बसतेत ना, थेच! त्याच्या अंड्यात डोकं कुठं येते, शेपूट कुठं, हे ठरते कसं म्हणे. परवा डॉक्टर होऊन आली, देवळात सत्कार. फेटा ह्यांले, खुर्ची ह्यांले, अन् मी? चहाच्या गंजापाशी! सरपंच उठले, "रूपरावजी, पोरगी अगदी तुमच्यावर..." तं पोट्टीनं माइकच ओढला ना बाप्पा!

म्हणे, "चिलटाची माय अंड्याच्या एका टोकाले निरोप ठेवून देते. न ढवळलेल्या शरबतात तळाले साखर राह्यते ना, तसा तिथं दाट, पुढं पातळ. दाट असन तिथं डोक्याच्या जीन चालू होतेत, तिथंच डोकं! मायनं निरोप नाई ठेवला तं डोकंच नाई, दोन्हीकून शेपूट! बापाची जीन किती का धडधाकट असेना, काही उपयोग नाई!"

काही उपयोग नाई! माइकवर! सारं देऊळ हासलं, मले तं रडूच फुटलं. देवकाबाई म्हणे, "पण हे तं चिलटाचं..." म्हटलं, "काऊन? आतापर्यंत डोकं तुमच्या घरचं होतं, आता चिलटाचं झालं का?" बायांनी अश्या टाळ्या पिटल्या! अन् ह्यांनी सोता उठून आपला फेटा माह्या डोक्यावर ठेवला. मले वाटलं, जिंकली व माय!

तं कानाशी हळूच म्हणतेत, "कोकिळा, मंग अंकुशच्या डोक्याचा निरोपही तूनंच ठेवला असन ना व?"

जिंकली तं मीच! पण तवापासून घरातलं नापास पोट्टंही माह्यावरच गेलं.