कडेला रानतीळ

ग्वांगसिक : ऐकतेयस ना, हेजूची आई? की नुसते रानतीळ झोडपतच बसणार?

ओकबुन : ऐकतेय. रिकाम्या हातानं ऐकलं तर जास्त लागतं. बोला, काका.

ग्वांगसिक : वसंतात शेत मोकळं करून दे. जिनसेंगवाल्याला शब्द दिलाय.

ओकबुन : कुणी?

ग्वांगसिक : माझ्या थोरल्या मुलानं. सोलमधून, फोनवर. मला नंतर कळवलं.

ओकबुन : गावात एवढी शेतं पडलीत. त्याला मी कसतेय तेच बरं सापडलं?

ग्वांगसिक : जिनसेंगच्या मुळीला औषध न मारलेली माती लागते. आणि समाजघरात मूठभर माती नेऊन सगळ्यांच्या नाकाखाली धरायला तुला कुणी सांगितलं होतं? बायका वास घेत होत्या, आणि तो जिनसेंगवाला कोपऱ्यात शेवया खात बसला होता.

ओकबुन : मिरवायची हौस नडली. पण आधी सगळे हसलेच होते की. मिरचीत सोयाबीन, कडेला रानतीळ. बाईनं शेताची खिचडी केलीय म्हणायचे.

ग्वांगसिक : मीही म्हणायचो. मिरची तुझी कमीच निघायची.

ओकबुन : कमीच. पण सोयाबीन वर निघायचं, रानतिळाचं तेल वर निघायचं. आणि त्या पावसाच्या वर्षी सगळ्यांची मिरची झाडावर कुजली, माझी टिकली. खाली सोयाबीनचा पाला होता म्हणून चिखल उडाला नाही. त्या हिवाळ्यात तुमच्या किमचीत कुणाची मिरची होती?

ग्वांगसिक : तुझीच.

ओकबुन : आले तेव्हा इथं कुदळ आपटून परत यायची. आता हात घातला तर मनगटापर्यंत जातो. जिनसेंग सहा वर्षं काळ्या जाळीखाली राहणार, मग ही माती दमणार.

ग्वांगसिक : माहीत आहे. वाईट वाटतंय मला.

ओकबुन : वाटायलाच हवं. हिरवळीच्या खतासाठी रायचं धान्य पेरून बसलेय मी.

ग्वांगसिक : म्हणूनच आलो. टेकडीवर आमच्या पूर्वजांच्या थडग्यांच्या खालच्या अंगाला एक तुकडा आहे. तो घे.

ओकबुन : तिथं गवतसुद्धा विचार करून उगवतं.

ग्वांगसिक : खंड नको. शरदातल्या सणाआधी थडग्यांवरचं गवत काढायचं, बस. पूर्वी असंच असायचं.

ओकबुन : तुमची मुलं काय करतात?

ग्वांगसिक : यंदा गवत कापायचं यंत्र घेऊन आले होते. पाऊस आला म्हणून गाडीतून उतरवलंच नाही.

ओकबुन : आणि माती तयार झाली की पुन्हा कुणाला तरी शब्द जाईल.

ग्वांगसिक : नाही जायचा. ती सगळ्या घराण्याची सामाईक जमीन. सगळ्या भाऊबंदांच्या सह्या लागतात, आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत.

ओकबुन : पहिली दोन-तीन वर्षं नुसती राय आणि सोयाबीन. मिरचीचं नाव काढायचं नाही. माती हाताला लागेपर्यंत मी सत्तरीला येईन, काका.

ग्वांगसिक : मी तोवर तिथंच असेन. माझी जागा ठरलीय. अगदी कडेची, तुझ्या बांधाला लागून.

(झोडपणं थांबतं.)

ओकबुन : कडेला मी रानतीळच लावते. त्याच्या वासानं किडा फिरकत नाही.